काजूची पॉटी अपडेट: अखेर घट्ट, आणि पांढऱ्या युरेटसकट!

मंडळी, आज सकाळी माझ्या लेपर्ड गेकोने (लिओ, म्हणजे पाळीव पालीची जात), काजूने, कोरंटाईन टबात एकदम टेक्स्टबुक पॉटी केली. घट्ट, चॉकलेटी, एका टोकाला पांढराशुभ्र युरेट (पालीची घट्ट लघवी), आणि रातकिड्याचा एकही पाय अख्खा नाही! फोटो घरच्या ग्रुपवर पण टाकला, आई म्हणाली जेवताना नको रे.

मागच्या अपडेटला काय चालू होतं ते आठवत असेल, पातळ आंबूस पॉटी, त्यात अर्धे कच्चे रातकिडे, शेपटी बारीक होत चाललेली आणि वजन ३१ ग्रॅमवर येऊन अडकलेलं. अशी शेपटी बघितली की प्रत्येक लिओवाल्याच्या डोक्यात आधी क्रिप्टोच (क्रिप्टोस्पोरिडियम, आतड्यांचा परजीवी) येतो, माझ्याही आला. पण संध्याकाळी बघावं तर आयआर गन (लांबून टेंपरेचर मोजणारी) हॉट हाईडच्या, म्हणजे लपायच्या गरम जागेच्या, फरशीवर ३२ डिग्री दाखवायची, मग पचत का नाही हेच कळेना.

शेवटी मिन-मॅक्सवालं थर्मामीटर आत ठेवलं आणि सकाळी बघतो तर मिनिमम २५.६! रत्नागिरीत पावसाळ्यात रात्री लाईट जाते येते हे काय नवीन नाही, पण खरी गोम पुढे होती, लाईट परत आल्यावर टबाची ऊब सांभाळणारा हा थर्मोस्टॅट स्टँडबायवरच राहतो, डिस्प्लेवर टेंपरेचर दिसत राहतं पण खालच्या हीट मॅटला करंटच नाही, बटण दाबेपर्यंत. म्हणजे काजू संध्याकाळी पोटभर खाणार आणि रात्रभर थंड फरशीवर बसणार. लिओला खाल्ल्यावर पोटाखाली ऊब लागतेच, नाहीतर खाल्लेलं आत तसंच पडून सडतं. महागडा, ॲपवाला थर्मोस्टॅट आहे हा, आणि स्पष्ट सांगतो, लाईट जाणाऱ्या गावात असला घेऊच नका. माझ्या दुसऱ्या जनावराच्या, मिरीच्या टँकला साधा एसटीसी-१००० आहे, लाईट आली की आपणहून चालू होतो. आता काजूलाही तोच लावलाय आणि १४ वॅटची मॅट इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतली, एवढ्याशा लोडचं बॅटरीला काहीच नाही.

तेव्हापासून पॉटी सुधारत गेली, वजन ३४.

मधल्या काळात सॅम्पल डॉक्टरांकडे दिलं होतं. आमचे डॉक्टर मुख्यतः गाईम्हशींचे, पण फ्लोटेशन (पॉटी द्रावणात घोळून अंडी वर तरंगवणं) करून मायक्रोस्कोपखाली मलाही दाखवलं, पिनवर्मची (एक प्रकारचे जंत) अंडी होती, थोडीच. अशक्त जनावराला लगेच फेनबेंडाझोल (जंताचं औषध) नको, आधी ऊब आणि पाणी, मग परत टेस्ट, असं म्हणाले आणि मला ते शंभर टक्के पटलं. तोवर टबात फक्त टिश्यू पेपर, चिमटा-वाटी वेगळी, आणि आधी मिरीचं सगळं उरकून मगच काजूला हात. वाट्या उकळत्या पाण्यात, कारण क्रिप्टो असलाच तर ब्लीचने मरत नाही. बाहेरचे किडे पूर्ण बंद, आजूबाजूला आंब्यावर फवारण्या असतात. रातकिड्यांना तांबडा भोपळा घालतोय, आणि काजूच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा रातकिडा द्यायचा नाही.

लाईट गेल्यावर ऊब धरून ठेवायला मॅटवर जांभ्याची पातळ चीप ठेवायचा प्लॅन होता, कापून पण आणली. पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, जांभा सगळा भोकाभोकांचा, पॉटीचं पाणी शोषणार, मग साफ कसा करणार? कोरंटाईनमध्ये नकोच. कडाप्प्याचा तुकडा बघतो, गुळगुळीत आहे, उकळत्या पाण्याने धुता येईल. थर्मोस्टॅटचा प्रोब (टेंपरेचर मोजणारं टोक) मात्र कडाप्प्याच्या वर ठेवायचा, मॅटला चिकटवून नाही, काजूचं पोट टेकतं तिथलं टेंपरेचर कळायला हवं. जांभा नंतर मोठ्या टँकच्या थंड बाजूला चढायला देईन.

क्रिप्टो अजून डोक्यातून गेलेला नाही. साध्या फ्लोटेशनमध्ये तो सहज निसटतो आणि प्रत्येक पॉटीत येतोच असंही नाही, त्यामुळे वेगवेगळ्या वेळची सॅम्पल्स ॲसिड-फास्ट स्टेनला (रंग देऊन मायक्रोस्कोपखाली तपासणं) किंवा पीसीआरला पाठवणार. कोल्हापूर किंवा पुण्यात सरड्या-पालींची सॅम्पल्स घेणारी लॅब कोणाला माहिती असेल तर सांगा, आणि रत्नागिरीहून पाठवताना थंड कसं ठेवायचं तेही. रिपोर्ट येईपर्यंत मिरी आणि काजू वेगळ्या खोल्यांतच.