गांडुळाला डोळे नसतात

रात्रीचे पावणेबारा वाजलेत, सिंकमध्ये अजून शंभरेक स्ट्रॉ भिजत पडल्यात आणि माझ्या नखांत बिस्किटांचा चुरा अडकलाय तो काही केल्या निघत नाहीये. वाढदिवस झाला एकदाचा. लेक सहा वर्षांची झाली, दमून झोपली, आणि आत्ता लिहिलं नाही तर उद्या अर्धं विसरेन म्हणून बसलेय.

पंधरा दिवसांपूर्वी मी तिला विचारलं की वाढदिवसाला गोड काय करू. मला वाटलं इंद्रधनुष्य, परी, युनिकॉर्न असलं काहीतरी येणार, मी गुलाबी रंगाची बाटलीसुद्धा काढून ठेवली होती. तर बाईसाहेब म्हणाल्या, गांडुळं. म्हटलं कसली गांडुळं? तर म्हणे मातीतली, अजून कसली असतात. सध्या तिचं तेच खूळ आहे, कुंडीतली माती उकरायची, एखादं सापडलं की तळहातावर घ्यायचं आणि श्वास रोखून बघत बसायचं. खरं सांगते, मला जरा वाईटच वाटलं, कारण माझं केक पॉप्स, म्हणजे काडीला लावलेले केकचे छोटे गोळे, करायचं पक्कं ठरलं होतं, त्याची प्रॅक्टिसही झाली होती, फ्रीजरमधून काढलेला गोळा तसाच गरम चॉकलेटमध्ये बुडवला की आतला गोळा नंतर फुगतो आणि वरचं कवच तडकतं हेसुद्धा मी सहा गोळे वाया घालवून शिकले होते. ते सगळं ज्ञान गेलं पाण्यात.

पण गांडुळं करायची पद्धत कळली आणि मीच हरखले. वाकणाऱ्या मानेच्या प्लास्टिकच्या स्ट्रॉ असतात ना, त्यांची मान ओढून लांब करायची म्हणजे त्या वळ्या उघडतात, मग सगळ्या एका उंच ग्लासात अगदी घट्ट उभ्या ठासायच्या, वरून रबरबँड लावायचा, आणि त्यात जेली ओतायची. प्रत्येक स्ट्रॉमध्ये एक गांडूळ जमतं, वळ्यांसकट. कागदी स्ट्रॉ नकोत, रात्रभरात मऊ पडतात. स्ट्रॉ सैल राहिल्या तर जेली त्यांच्या आत चढण्याऐवजी बाहेरच साचते, म्हणजे एक मोठा जेलीचा खांब आणि त्यात अडकलेल्या रिकाम्या नळ्या. माझं प्रमाण असं होतं, दोन पाकिटं स्ट्रॉबेरीची जेली, वर एक मोठा चमचा साधं जिलेटिन कारण नुसती जेली स्ट्रॉमधून बाहेर येताना तुटते, तीन कप उकळतं पाणी, आणि कोमट झाल्यावर पाऊण कप क्रीम, नाहीतर गांडूळ आरपार दिसतं.

आता रंग. लाल जेलीत क्रीम घातलं की छान गुलाबी होते, आणि गांडूळ काही तसलं गुलाबी नसतं, असं मला सुनावण्यात आलं. थोडा हिरवा घालावा लागणार होता. मला कुठून बुद्धी झाली देव जाणे, बाटलीतला रंग नको, नैसर्गिक करू म्हणून मी दोन किवी मिक्सरला फिरवून सरळ जेलीत ओतली. झाकून फ्रीजमध्ये ठेवली. रात्री साडेअकराला उघडून बघते तर पाणी. नवरा मागून डोकावून म्हणाला, सरबत छान झालंय. मी काही बोलले नाही, पण त्याने माझं तोंड बघितलं आणि गुपचूप बाहेर गेला.

कारण मला माहीत होतं हो, वाचलेलं होतं कधीतरी, ऐन वेळी आठवेल तर शपथ. जिलेटिन म्हणजे प्रोटीन, आणि कच्च्या किवीत, अननसात, पपईत प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स असतात, ती जेलीला धरूच देत नाहीत, कितीही वेळ फ्रीजमध्ये ठेवा. फळ शिजवलं की ती एन्झाइम्स निकामी होतात, म्हणून डब्यातला अननस चालतो आणि ताजा चालत नाही. उरलेली दोन किवी मग मी पातेल्यात पाच मिनिटं उकळली. आणि इथे मजा झाली, शिजल्यावर किवीचा तो हिरवागार रंग जातो, मळकट शेवाळी होतो. एरवी मी नाक मुरडलं असतं. पण स्ट्रॉबेरीच्या गुलाबीत ते गाळून घातलं आणि जो रंग आला तो हुबेहूब गांडुळाचा, मातकट, थोडा किळसवाणा, अगदी पाहिजे तसा!

येणाऱ्या मुलांपैकी दोघांच्या घरी जिलेटिन चालत नाही, ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात, म्हणून त्यांची वेगळी गांडुळं अगर-अगरची केली, ते समुद्री शेवाळापासून निघतं. त्याचा स्वभावच वेगळा. ते नीट उकळावं लागतं, पण मग बाहेर ओट्यावरच बघता बघता घट्ट होतं आणि पुन्हा वितळायला चांगलं पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापमान लागतं. फक्त लवचिकपणा नाही. जिलेटिनचं गांडूळ उचललं की लोंबतं, झुलतं, आणि अगरचं काडकन दोन तुकडे. मी हळहळत होते तर लेक गंभीरपणे म्हणाली, आई, तुकडे केले म्हणून दोन गांडुळं होत नसतात, लोकांना उगाच वाटतं तसं.

स्ट्रॉमधून गांडुळं काढणं हा एक वेगळाच कार्यक्रम. कोमट पाण्याखाली दोन-तीन सेकंद स्ट्रॉ धरायची, जास्त नाही, मग रिकाम्या टोकाकडून बोटांनी दाबत दाबत खाली यायचं. आधी काहीच होत नाही, वाटतं अडकलं, मग एकदम थंडगार डोकं बाहेर येतं आणि मागून सबंध गांडूळ सळ्ळकन ताटात, अंगावर बारीक बारीक वळ्या, ओलं, चमकणारं. पहिलं निघालं तेव्हा आम्ही दोघी ओरडलो. पंचविसावं निघेपर्यंत माझी बोटं बधिर झाली होती आणि ती कधीच खेळायला निघून गेली होती, मग लाटण्याने सपासप स्ट्रॉ लाटल्या, ते जास्त सोपं.

तिला सरप्राइज म्हणून मी काही गांडुळांना साखरेचे छोटे डोळे चिकटवले. इतके गोड दिसत होते! तिने बघितलं आणि म्हणाली, हे काय? गांडुळाला डोळे नसतात. म्हटलं अगं गंमत आहे. तर म्हणे त्याला उजेड कळतो पण डोळे नसतात, आणि पट्टा कुठाय? मोठ्या गांडुळाच्या अंगावर तो जाडसर फिकट पट्टा असतो तो. मी बसून एकेक डोळा काढला. पट्ट्यासाठी व्हाइट चॉकलेट वितळवलं, त्यात थेंबभर साधा पाण्यातला रंग घातला आणि सगळ्याचा रवाळ दगड झाला, चॉकलेटला एवढंसं पाणीही सोसत नाही, त्याला तेलातला रंगच लागतो. दुसरं चॉकलेट होतं थोडंसंच, ते बिनरंगाचं वापरलं, सात गांडुळांना पट्टे झाले. ती सात मोठी, बाकीची पिल्लं, असं ठरलं.

माती सोपी होती. खाली कॉर्नफ्लोअर आणि कोकोचं पुडिंग, वर चॉकलेट बिस्किटांचा चुरा, मधलं पांढरं क्रीम आधी खरवडून काढलं नाहीतर माती राखाडी दिसते. मी आपली मिक्सरला लावून पावडर केली तर तीही नापास, मातीत ढेकळं असतात म्हणे. मग उरलेली बिस्किटं पिशवीत घालून तिनेच लाटण्याने बडवली, ढेकळं राखून.

पार्टीत काय झालं ते थोडक्यात लिहिते. एक मुलगा गांडुळं बघून रडला. बाकीच्यांनी चमचे बाजूला ठेवले आणि हातानेच माती उकरली. एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे त्याच्या आईला आधीच विचारून ठेवलं होतं, म्हणून बिस्किटांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचून नटवाली बाजूला केली होती, ते बरं झालं. दोन वर्षांची एक चिमुरडी होती, तिचं गांडूळ मी बारीक बारीक कापून दिलं, घशात अडकायला नको. अर्ध्या तासात जिलेटिनची गांडुळं बाहेरच्या गरमीने ढेपाळायला लागली आणि अगरची तुटकी मात्र ताठ.

पोरं सोफ्यावरून उड्या मारायला लागली तशी नणंद म्हणाली, वहिनी, साखर चढली बघा. मीही हो म्हटलं सवयीने. वास्तविक १९९५ साली २३ प्रयोग एकत्र तपासून अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलंय की साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडत नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर भारीच, आयांना सांगितलं तुमच्या मुलाला साखर दिलीये, खरं तर दिलीच नव्हती, आणि त्या आयांना आपली पोरं जास्त चळवळी दिसली. हे मी नणंदेला सांगणार होते, तेवढ्यात कुणीतरी पुडिंगचा हात पडद्याला पुसला.

झोपते आता. स्ट्रॉ उद्या.

—

दुसऱ्या दिवशी, संध्याकाळ. काल झोपायच्या आधी हिने एक पट्टेवालं गांडूळ नेऊन कुंडीत ठेवलं होतं, फ्रीजमध्ये गांडुळं राहत नाहीत म्हणून. मी पाणी घालायला गेले तर कुंडीच्या कडेवरून मुंग्यांची रांग, आणि गांडूळ निम्मं गायब. तिला हाक मारली. उकिडवी बसून कितीतरी वेळ बघत राहिली, मग माझ्याकडे मान वर करून हळूच म्हणाली, आई, त्यांना खरं वाटलं. साखरेबद्दल मी काही बोलले नाही. झारी तशीच भरलेली घेऊन आत आले.