‘वाट्समान’ची नक्कल: आकाश झालं, बर्फ सुरू

कास्पार डाव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराच्या ‘वाट्समान’ या डोंगराच्या तैलचित्राची नक्कल आता शिखराच्या बर्फापर्यंत आली आहे. मूळ चित्र १८२४-२५ मधलं, बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीतलं, आकार १३५ बाय १७० सेंटिमीटर. माझा कॅनव्हास ४० बाय ५०. प्रमाण जवळपास तेच, त्यामुळे चौकटी आखून रेखाटन उतरवताना काहीही ताणावं किंवा कापावं लागलं नाही.

हेच चित्र का निवडलं, तर फ्रीडरिशने हा डोंगर कधी प्रत्यक्ष पाहिलाच नव्हता. शिखर त्याने आउगुस्ट हाइनरिश या आपल्या शिष्याच्या जलरंगातल्या अभ्यासचित्रावरून घेतलं, आणि पुढचे खडक स्वतःच हार्त्स डोंगरात केलेल्या जुन्या रेखाटनावरून. वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे एकावर एक रचून डोंगर उभा केलाय, आणि शिकणाऱ्यासाठी हे फार सोयीचं आहे. खालच्या खडकांपासून वरच्या हिमशिखरापर्यंत त्रिकोणामागे त्रिकोण चढत जातात. एकेक पट्टा वेगळा काढून त्याचा अभ्यास करता येतो.

अंडरपेंटिंग, म्हणजे सगळ्यात खालचा थर, फक्त बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात केलं, टर्पेंटाइनने पातळ करून. अंबर लवकर वाळतं, म्हणून पहिल्या थराला ते बरं. आकाशाबद्दल एवढंच सांगतो, की ते शिखराच्या रेषेच्या थोडं आतपर्यंत रंगवून पूर्ण वाळू दिलं.

खरी मजा बर्फात आहे. प्रिंटकडे बघून वाटतं, बर्फ म्हणजे ट्यूबमधला पांढरा. पण फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून बघा. शिखरामागचं आकाश आणि उन्हातला बर्फ यांच्या टोनमध्ये, म्हणजे उजळ-गडदपणात, फरक अगदी थोडा आहे. तरीही शिखर झळकतं, कारण बर्फाच्या सावल्या निळसर-करड्या आहेत आणि उजेडाची बाजू किंचित उबदार. म्हणून उजेडासाठी टायटॅनियम व्हाइटमध्ये यलो ऑकर, तोही ब्रशच्या टोकावर येईल इतकाच. सावलीसाठी निळा अल्ट्रामरीन, त्याचा भडकपणा बर्न्ट सिएना या तांबूस-तपकिरी रंगाने थोडा मारला आणि मग पांढरा. निळा न मारता लावला तर बर्फ प्लॅस्टिकसारखा दिसतो. ट्यूबमधला शुद्ध पांढरा अजून कुठेही लावलेला नाही. तो अगदी शेवटी, माथ्यावरच्या एक-दोन ठिपक्यांसाठी राखून ठेवलाय.

कडांवर मी सर्वात जास्त वेळ घालवतोय. उजेडाकडची कड छोट्या सपाट ब्रशने एका दमात ओढायची आणि मग तिला हात लावायचा नाही. सावलीकडची कड ओली असतानाच कोरड्या, मऊ ब्रशने आकाशाच्या दिशेने हलकेच फिरवायची. डोंगराला आकारमान येतं ते या दोन कडांतल्या फरकामुळे. आतल्या घळी कितीही बारकाईने काढा, कडा सारख्याच राहिल्या तर शिखर कागदातून कातरून चिकटवल्यासारखं सपाट दिसणार.

फ्रीडरिशचे थर पातळ असतात. ब्रशचे फटकारे दिसतच नाहीत, रंग जणू आतून उजळतो. तिथवर जाण्यासाठी मधल्या उतारांवर ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंगाचा पातळ थर, देणार आहे. जवसाच्या तेलाचं प्रमाण दर थराला थोडं वाढवत नेतोय, कारण वरचा थर खालच्यापेक्षा कमी तेलकट झाला तर पुढे भेगा पडतात. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तो घट्ट होतो. त्यामुळे घाई करून उपयोग नाही, ग्लेझआधी खालचा थर बोटाला चिकटत नाही ना, ते बघावंच लागतं.

अंबरचे गडद भाग वाळल्यावर निस्तेज, मॅट झालेत. पुढचे खडक सुरू करण्याआधी तिथे तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जास्तीचं तेल कापडाने पुसून घेईन. त्याशिवाय गडद टोन जुळवणं अवघड आहे. खडकांवरच्या झाडांसाठी लांब केसांचा रिगर ब्रश घ्यावा की साधा बारीक गोल, हे अजून ठरलेलं नाही. कुणी अशी बारीक झाडं वाळलेल्या ग्लेझवर काढली असतील तर नक्की सांगा.