जन्मदाखल्यावरचं आईचं नाव आणि बाळाचा लांबलेला पहिला परदेश प्रवास

मुलीला सहावा महिना लागला की सिंगापूरला जायचं ठरलं होतं. गेलो तेव्हा ती साडेनऊ महिन्यांची होती. मधला वेळ पासपोर्टने खाल्ला नाही, व्हिसानेही नाही. तो गेला जन्मदाखल्यावरच्या माझ्या नावापायी. राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

१ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्याला पर्याय नाही. त्यामुळे दाखल्यात जे लिहिलंय तेच पुढे सगळीकडे जातं. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत रुग्णालयाकडून जाते, तेव्हा बाळाच्या नावाची जागा बहुधा रिकामीच असते. नाव नंतर घालता येतं. बारा महिन्यांपर्यंत त्याला विलंब शुल्क नाही, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. आमचं हे काम एका फेरीत झालं. फक्त इंग्रजी स्पेलिंग घरात आधी पक्कं करून जा. एक 'ए' की दोन, हे खिडकीपाशी उभं राहून ठरवायची गोष्ट नाही.

गाडी अडली ती आईच्या नावावर. माझा पासपोर्ट, आधार, पॅन सगळं माहेरच्या नावाने आहे. जन्माच्या अहवालात मात्र रुग्णालयाने सासरचं नाव भरलं होतं. पासपोर्टच्या अर्जात आईचं नाव तिच्या पासपोर्टप्रमाणे लिहिणार आणि दाखल्यावर वेगळंच, म्हणजे अर्ज अडणारच.

मुलगी तीन महिन्यांची असताना जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज दिला. खिडकीवर सांगितलं, शपथपत्र आणा. ते नोटरी करून नेलं तर म्हणाले, रुग्णालयाचं पत्र हवं. पत्र नेलं, त्यावर नोंदणी क्रमांक नव्हता. तो घालून आणला, तेव्हा "दोन जणांचे जबाब कुठे आहेत?" मग सही करणारे साहेब प्रशिक्षणाला गेलेले. प्रत्येक वेळी एकच कागद सांगायचा आणि तो नेला की पुढचा, असं अकरा फेऱ्या चाललं. सगळी यादी पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून दिली असती तर हे काम पंधरवड्यात संपलं असतं. तान्हं बाळ असलेल्या घराला अकरा फेऱ्या घालायला लावणं मला अजिबात मान्य नाही.

नियम असा आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९च्या कलम १५खाली निबंधक, म्हणजे नोंदणी करणारा अधिकारी, नोंद दुरुस्त करू शकतो. नुसती लेखनातली चूक असेल तर खात्री करून तो स्वतःच ती सुधारतो. चूक मजकुराचीच असेल, तर ती काय आहे आणि खरं काय आहे हे सांगणारं निवेदन लागतं, आणि तेही वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून त्यावर सही आणि तारीख टाकतात. आमची चूक दुसऱ्या प्रकारात धरली गेली. म्हणून पहिल्याच फेरीत विचारा, "ही लेखनातली चूक धरणार की मजकुरातली?" पुढचे कागद त्या उत्तरावर ठरतात.

रुग्णालयाच्या पत्रात बाळाची जन्मतारीख, वेळ, लिंग, नोंदणी क्रमांक, नोंदवलेलं नाव, बरोबर नाव आणि फरक कशामुळे पडला ते एका वाक्यात, एवढं हवंच. खाली सही आणि शिक्का. पत्र निबंधकाच्या नावे असू द्या, 'ज्याला लागेल त्याला' असं नको. प्रत्येक कागदाची पोच आवक क्रमांकासह घ्या. मी पहिल्या दोन फेऱ्यांत घेतली नाही आणि शपथपत्र दुसऱ्यांदा करावं लागलं. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५नुसार अधिसूचित सेवा, त्यांची मुदत आणि अपील अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. तो शोधून वाचा. अपील अधिकाऱ्याचं पद मी अर्जात नमूद केलं आणि फाईल त्यानंतरच हलली. दुरुस्त दाखला हातात पडला तेव्हा मुलगी बसायला लागली होती.

पासपोर्ट सेवा केंद्रात त्या मानाने काहीच त्रास झाला नाही. लहान मुलांच्या पासपोर्टचं शुल्क १,००० रुपये आहे आणि आठ वर्षांखालच्यांच्या नव्या अर्जाला दहा टक्के सूट, म्हणून ९०० भरले. परिशिष्ट डी, म्हणजे आईवडिलांचं संमतीचं निवेदन, साध्या कागदावर, दोघांच्या सह्यांनी. दोघांचे मूळ पासपोर्ट न्या आणि पहिल्या-शेवटच्या पानांच्या सही केलेल्या प्रती जोडा. ए, बी, सी अशा तीन खिडक्या असतात. बाळाच्या झोपेच्या वेळेची अपॉइंटमेंट घेऊ नका. पासपोर्ट स्पीड पोस्टाने आला. मुदत पाच वर्षांची.

फोटोवर मात्र एक अख्खी सकाळ गेली. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो आपणच न्यायचा असतो, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. खिडकीजवळ गादीवर पांढरी चादर ताणून अंथरली, सुरकुती राहू दिली नाही. मुलीला गडद रंगाचं झबलं घातलं, कारण पांढरं कापड चादरीत मिसळून जातं. गालावरची तीट आणि डोळ्यांतलं काजळ ओल्या कापसाने पुसलं. नवरा डोक्याच्या बाजूला खुळखुळा धरून उभा आणि मी वरून फोटो काढत होते. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, कानामागे सावली नाही, धरणाऱ्याचा हात दिसत नाही, असा एक फोटो मिळायला चाळीस काढावे लागले. बाळ मान धरायला लागल्याशिवाय हा उद्योग करू नका. चौथ्या-पाचव्या महिन्यात सोपं जातं, त्यानंतर बाळ लगेच पालथं पडतं.

सहावा महिना मी विचार करूनच निवडला होता. तेव्हा बाळ टेकूने बसतं पण रांगत नाही, उष्टावण नुकतंच झालेलं असतं आणि भर दुधावरच असतो. नवव्या महिन्यात ते रांगतं, हाताला लागेल ते ओढतं आणि अनोळखी चेहरा दिसला की रडतं. इमिग्रेशनच्या रांगेत त्याचा पुरेपूर प्रत्यय आला. शिवाय नवव्या महिन्याची गोवराची लस याच सुमारास येते. तिचा ताप लगेच येत नाही, साधारण सातव्या ते बाराव्या दिवसात येऊ शकतो. म्हणून लस घेऊन दोन आठवडे उलटल्यावरचीच तिकिटं काढली.

दोन वर्षांखालच्या बाळाचं तिकीट मांडीवरचं असतं, पण पासपोर्ट आणि व्हिसा स्वतंत्र लागतो. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत होतो. त्यासोबत जन्मदाखलाही जोडला, तोच, समासातल्या दुरुस्तीनंतरचा. पोहोचण्याच्या तारखेआधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, तेही बाळाचं वेगळं. ते मोफत असतं. पैसे मागणाऱ्या साइट्सवर भरू नका.

विमानातला पाळणा हवा असेल तर तिकीट काढल्यावर फोन करून नोंदवा आणि वजनाची मर्यादा विचारून घ्या. पुढच्या भिंतीलगतच्या थोड्याच जागांवर तो लागतो. आमची साडेआठ किलोची होती, वजन चाललं, पण पाय कडेला टेकत होते. पट्ट्यांचा दिवा लागला की बाळाला उचलून घ्यावंच लागतं, मग ते कितीही गाढ झोपलेलं असो. दूध आणि बाळाचं खाणं १०० मिलीच्या नियमातून सुटतं, फक्त तपासणीला वेगळं काढून दाखवा. मी नाचणीचं सत्त्व कोरडं नेलं आणि गरम पाणी विमानात मागून घेतलं.

कानांसाठी अंगावर पाजायची वेळ विमान उडताना आहेच, पण उतरताना जास्त महत्त्वाची. खाली येतानाचा दाब कानाला सहजी सोसत नाही, गिळलं की तो मोकळा होतो. उतरायला सुरुवात जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी होते. तोवर बाळाला भूक राहील असं त्याआधीचं पाजणं ठेवा.