शाय शाय बीच: सिएटलची ओहोटी पाहून जाऊ नका

वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला असलेल्या शाय शाय बीचवर (Shi Shi हे स्पेलिंग पाहून कुणी 'शिशी' म्हणेल, पण तिथले लोक 'शाय शाय' म्हणतात) जायचे असेल, तर भरती-ओहोटीची वेळ जवळच्या निआ बे या गावाचीच पाहा. आम्ही ज्या ॲपवर विसंबलो होतो, त्याने जवळचे मोठे ठिकाण म्हणून सिएटलची वेळ दाखवली, आणि त्यापायी आमचा एक अख्खा दिवस वाया गेला. ॲपप्रमाणे ओहोटीचा तळ सकाळी अकराला होता. आम्ही धापा टाकत अकराला पाच कमी असताना पॉइंट ऑफ आर्चेसच्या खडकांपाशी पोहोचलो, तर लाटा शिंपल्यांच्या पट्ट्यावर चढून बसल्या होत्या आणि खालचा सगळा भाग, म्हणजे ज्यासाठी आलो तो तारामाशांचा भाग, पाण्याखाली होता. खुल्या किनाऱ्यावरची ओहोटी सातच्या सुमारासच होऊन गेली होती. महासागराची भरती-ओहोटी हुआन दे फुका सामुद्रधुनीतून आत वळून सिएटलपर्यंत पोहोचायला काही तास घेते, त्यामुळे दोन्हीकडच्या वेळांत सुमारे चार तासांचा फरक पडतो. ही गोष्ट ॲपमध्ये कुठेही लिहिलेली नव्हती.

माझे आजोळ रत्नागिरीचे. तिथे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि खडपावर कालवे काढायला केव्हा उतरायचे ते घरबसल्या कळते. या किनाऱ्यावर तो हिशेब चालत नाही, कारण दिवसातल्या दोन ओहोट्यांची पातळी इथे फार वेगळी असते. उन्हाळ्यात खोल ओहोटी सकाळी येते आणि हिवाळ्यात रात्री. म्हणून मे ते जुलैमधले उधाणाचे दिवस निवडा, तक्त्यात शून्याच्या खालचा आकडा शोधा आणि त्या वेळेच्या दीड तास आधी खडकांवर हजर राहा. हे जमणार नसेल, तर या वाटेला जाऊच नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाट अशी की सुरुवातीला लाकडी फळ्यांचा चांगला रस्ता आहे आणि तिथे मनुष्य निश्चिंत होतो. त्यानंतर जुन्या रस्त्याचा चिखल लागतो. तो पायाचा घोटा गिळतो, काही ठिकाणी पोटरीपर्यंत येतो, आणि पाठीवर तंबूचे ओझे असताना पाय उपसून काढण्यातच अर्धी ताकद जाते. चिखल चुकवण्यासाठी लोकांनी कडेच्या झाडीतून पायवाटा पाडल्या आहेत. त्यांनी चिखल फक्त रुंद झाला आहे, आणि तिथल्या ओल्या मुळांवर मी दोनदा आपटलो. बूट खराब होणार हे आधीच मान्य करून सरळ मधून चाला. शेवटी कड्यावरून दोर धरून उतरावे लागते. वाटेच्या सुरुवातीपासून वाळूपर्यंत सुमारे तीन किलोमीटर आणि तिथून खडकांपर्यंत वाळूतून जवळजवळ चार किलोमीटर, हे अंतर पहाटे अंधारात कापणे कठीण आहे. त्यामुळे किनाऱ्यावर मुक्काम करणे हाच मार्ग उरतो. त्यासाठी ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानाचा परवाना आणि अन्नासाठी अस्वलरोधक डबा लागतो; मकाह या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या भूमीतून जाण्याचा पास निआ बे गावात मिळतो. केप फ्लॅटरी आणि मकाह संग्रहालय आम्ही आदल्या दिवशी पाहिले, दोन्ही चांगली आहेत आणि तिथे कुणालाही काही अडचण येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटी आठच्या थोडी आधी होती आणि आम्ही सव्वासहालाच खडकांवर होतो. पाणी उतरत गेले तशी शिंपल्यांची काळी-निळी वस्ती उघडी पडली, आणि एका उंचीवर येऊन ती सुरीने कापल्यासारखी संपली. वरची हद्द ऊन आणि कोरडेपणा ठरवतात. खालची हद्द मात्र शिंपले खाणारा तारामासा ठरवतो. त्या रेषेच्या खाली, कपारींमध्ये, जांभळे आणि नारिंगी तारामासे एकमेकांवर हात टाकून चिकटलेले होते. परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट पेन यांनी 1963 पासून इथून थोडे उत्तरेला, मकाह बेच्या खडकावर, एका पट्ट्यातले तारामासे उपटून समुद्रात फेकायला सुरुवात केली आणि शेजारचा पट्टा तसाच ठेवला. शिंपले खाली सरकत गेले, जागेसाठी बाकीच्यांना त्यांनी हुसकावून लावले, आणि 15 प्रजातींच्या जागी 8 उरल्या. हे निष्कर्ष 1966 मध्ये छापून आले आणि 1969 मध्ये त्यांनी अशा भक्षकासाठी 'कीस्टोन', म्हणजे कमान पेलून धरणारा मधला दगड, हा शब्द वापरला. हे सगळे मी आधी वाचले होते. तरीही ती रेषा डोळ्यांसमोर आली तेव्हा आदल्या दिवशीचा सगळा शीण उतरला.

एका तारामाशापाशी मी बराच वेळ बसून राहिलो. तो शिंपल्यावर पाठीची कमान करून बसला होता आणि त्याच्या शेकडो नळीपायांनी, म्हणजे हातांखालच्या चिकट, नळीसारख्या पायांनी, दोन्ही झडपा ओढून धरल्या होत्या. झडपांमध्ये केसाएवढी फट पडली तरी त्याला पुरते, कारण तो आपले जठरच बाहेर काढून त्या फटीतून आत सोडतो आणि शिंपल्याला त्याच्याच घरात पचवतो. त्याला उपटून पाहू नका. नळीपाय तुटून खडकावरच राहतात. 2013 पासून आलेल्या रोगाने या किनाऱ्यावरचे तारामासे मोठ्या संख्येने विरघळून मेले आहेत, त्यामुळे उरलेल्यांशी खेळ नको.

शिंपल्यांवर दुसरा वार वरून होतो. नुसेला नावाची, बोटाच्या पेराएवढी गोगलगाय कवचावर बसून पायातल्या एका ग्रंथीचा स्राव लावते, मऊ झालेला थर कानशीसारख्या जिभेने खरवडते आणि पुन्हा स्राव लावते. एक भोक पाडायला तिला दिवस-दोन दिवस लागू शकतात. तिथली रिकामी कवचे हातात घेऊन पाहा. टाचणीच्या डोक्याएवढे, गोल, स्वच्छ भोक असेल तर ते तिचे काम, आणि कवच अख्खे व दोन्ही झडपा जोडलेल्या असतील तर तारामाशाचा संशय घ्यावा.

खालच्या डबक्यांत हिरवी समुद्रफुले (सी ॲनिमोन, फुलासारखे दिसणारे मांसाहारी प्राणी) आहेत. लाटांनी किंवा तारामाशाच्या झटापटीत सुटलेला शिंपला गडगडत त्यांच्या तोंडात पडतो. एकाने आमच्यादेखत रिकामी झडप बाहेर टाकली. शेजारीच एक काळी शंखवाली गोगलगाय होती. तारामाशाचा हात तिला लागला, तशी ती कवच गदागदा हलवून अशा वेगाने वर निघाली की गोगलगायीकडून मी तशी अपेक्षा कधी केली नव्हती. मला जी पाहायची होती ती मात्र सापडली नाही: भोकवाली लिम्पेट, म्हणजे टोपीसारख्या कवचाची गोगलगाय, जी तारामासा आल्यावर आपली मऊ त्वचा कवचावर पांघरते, आणि तिच्या कवचाखाली राहणारा कृमी बाहेर येऊन तारामाशाच्या नळीपायांना चावतो. तिच्यासाठी आणखी खोल ओहोटी गाठावी लागेल.

शिंपल्यांवर पाय देऊ नका, उघड्या खडकावर द्या. लाटेकडे पाठ करू नका. ओहोटीचा तळ होऊन गेल्यावर पाऊण तासात मागे फिरा, कारण पुढच्या सुळक्यांना वळसा घालून गेला असाल तर परतीची वाट पाणी आधी बंद करते. आम्ही पावणेनऊला निघालो आणि तेव्हाही शेवटच्या वळणावर गुडघाभर पाणी होते. परतीच्या चढावर दोर ओला आणि चिखलाने बरबटलेला असतो. जाड हातमोजे बरोबर ठेवा.