जिंजीला जायचं ठरवलं तेव्हापासून राजगिरीवरून उतरेपर्यंत (माझा अनुभव)

जिंजीचं नाव आपण सगळे शाळेत घोकलेलं असतं, राजाराम महाराज रायगडाहून निसटले आणि जिंजीला गेले, बस, एवढंच. ती जिंजी नकाशावर नक्की कुठे हे मात्र दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही. तमिळनाडूत, विळुप्पुरम जिल्ह्यात, पुद्दुचेरीपासून साधारण सत्तर किलोमीटर आणि चेन्नईहून दीडशेच्या आसपास. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले गेले, त्यात आपले अकरा आणि महाराष्ट्राबाहेरचा हा एकटा. तेव्हापासून आमच्या घरी सासऱ्यांनी जे लावून धरलं की आता जिंजी बघायचीच, ते शेवटी जाऊन आल्यावरच थांबलं.

बाबा, म्हणजे सासरे, एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण प्रवास म्हटला की अजून अंगात येतं. गुडघे मात्र कुरकुरतात. बरोबर नवरा आणि अकरावीतला भाचा, त्याला फक्त चढायचं होतं, इतिहासाशी फारसं देणंघेणं नाही. म्हणजे चढणारा एक, न चढणारा एक आणि मधले आम्ही दोघं, असा सगळा हिशोब जमवायचा होता.

आधी एका टूरवाल्याला विचारून बघितलं. त्यानं पुद्दुचेरीचं पॅकेज काढलं, बीच, ऑरोविल, आश्रम, आणि त्यात "जिंजी फोर्ट हाफ डे" अशी एक ओळ. हाफ डे! त्याला विचारलं की किती वाजता पोचणार, तर म्हणे ब्रेकफास्ट करून निघायचं, अकरा-साडेअकरापर्यंत पोचतो. इथेच मी फोन ठेवला. कारण तोवर मी इतकं तरी वाचलं होतं की राजगिरीवर, म्हणजे किल्ल्यातल्या सगळ्यात उंच डोंगरावर, चढायला दुपारी तीननंतर सोडत नाहीत आणि अकरा वाजता तिथला दगड असा तापलेला असतो की हात टेकवत नाही. बहुतेक लोक असंच करतात, पुद्दुचेरीला जाता जाता जिंजी उरकतात, खालचा कल्याण महाल बघून फोटो काढून परत. मग घरी येऊन सांगतात, ठीकय, काही खास नाही.

तारीख ठरवणं हे खरं डोकं खाणारं काम निघालं. आपला ट्रेकचा सीझन डोक्यात बसलेला, पावसाळा आणि त्यानंतरची थंडी. तिकडे तसं नाही चालत. त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी बरोब्बर त्यात सापडते, वादळं पण तेव्हाच येतात. मार्च ते जून तर नावच काढू नका. उरला जानेवारी-फेब्रुवारी. त्यातही जानेवारीच्या मध्यात पोंगल, तेव्हा अख्खा तमिळनाडू गावी जायला निघालेला असतो, गाड्या मिळत नाहीत. आणि अजून एक भानगड जी मला आधी माहीतच नव्हती ती म्हणजे पौर्णिमा. जिंजीपासून चाळीसेक किलोमीटरवर तिरुवण्णामलै आहे, तिथे दर पौर्णिमेला अरुणाचलाच्या डोंगराला चौदा किलोमीटरची प्रदक्षिणा घालायला लाखांनी माणसं येतात, त्या दिवशी त्या रस्त्यावर बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि लॉजवाले तोंडाला येईल तो दर सांगतात. तर पोंगलनंतरचा, पौर्णिमा टाळून, सव्वीस जानेवारीला जोडून न येणारा असा मधला आठवडा शोधला. भाच्याच्या क्लासच्या टेस्ट त्यातच होत्या, त्या बुडाल्या, असो.

जायचं कसं यावर बाबांनी एका वाक्यात निकाल दिला. दादर-पुद्दुचेरी चालुक्य एक्स्प्रेस मिरजेवरून जाते, आम्ही सांगलीचे, मग विमान कशाला? गाडी रोज नसते, वार बघूनच बेत करावा लागतो, पण तिची गंमत अशी की ती तिरुवण्णामलैवरून विळुप्पुरम करत पुद्दुचेरीला जाते. म्हणजे जाताना तिरुवण्णामलैला उतरायचं, मधे रस्त्यात जिंजी, आणि परतीला पुद्दुचेरीहून बसायचं, एकदा आलेला रस्ता परत तुडवायचा नाही. बाबांनी हे वहीत रेघा मारून काढून दाखवलं, मला गुगल मॅपवर जे दिसत नव्हतं ते त्यांना वेळापत्रकात दिसलं. चेन्नईमार्गे येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की जुन्या माहितीत कोयंबेडू स्टँड लिहिलेला असतो, आता दक्षिणेकडच्या गाड्या शहराबाहेर किळांबाक्कमच्या नव्या स्टँडवरून सुटतात, विमानतळाच्याही पुढे. तिरुवण्णामलैला जाणारी तिंडिवनमवरची बस जिंजीतूनच जाते. कंडक्टरला "जिंजी" म्हणून कळत नाही, "सेंजी" म्हणायचं, पाट्या तमिळमध्येच.

राहायला जिंजी गावात साधे लॉज आहेत. नवऱ्याला तिरुवण्णामलैची बरी हॉटेलं हवी होती, मी जिंजीवर अडून बसले, कारण सगळा खेळ सकाळच्या वेळेचा आहे. किल्ला गावापासून दोनेक किलोमीटर, रिक्षा मिळते, नऊला गेट उघडायच्या आधी आम्ही तिथे उभे होतो. खोली म्हणजे नुसती खोली, पण समोरच्या खाणावळीत सकाळी इडली-पोंगल (हे पोंगल म्हणजे डाळ-तांदळाची खिचडी) मिळायचं आणि दुपारी केळीच्या पानावर जेवण, भात वाढून वाढून थकवतात. बाबांना पोळी नाही म्हणून आधी धाकधूक होती, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून नेलेली, ती ट्रेनमध्येच संपली.

आता किल्ल्याची रचना सांगते, कारण ती कळल्याशिवाय बेत जमत नाही. जिंजी हा एक डोंगर नाही. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग असे तीन डोंगर, आणि तिघांना जोडत जाणारी तटबंदी, तिची लांबी तेराएक किलोमीटर भरते. आतलं क्षेत्र जवळजवळ अकरा चौरस किलोमीटर. तिरुवण्णामलैचा रस्ता या सगळ्याच्या मधूनच जातो, एका बाजूला राजगिरी, दुसऱ्या बाजूला कृष्णगिरी. आपल्या सह्याद्रीसारखे कातळकडे नाहीत, कुणी गोणीभर बटाटे ओतून ढीग करावा तसे प्रचंड गोल धोंडे एकावर एक रचलेले, मधे काटेरी झुडपं. चंद्रायणदुर्गावर वाट धड राहिलेली नाही, तो खालूनच बघावा. राजगिरी सगळ्यात उंच, माथा जवळपास आठशे फूट, पायऱ्या हजाराच्या वर. कृष्णगिरी त्यामानाने लहान आणि सोपा.

आम्ही असं ठरवलं की पहिल्या सकाळी थेट राजगिरी चढायचा, खालचं काही बघत बसायचं नाही, खालचं सगळं उतरल्यावर. बाबा खालीच थांबणार. आणि खरं सांगू का, खाली थांबणं ही काही शिक्षा नाही. खालच्या किल्ल्यात कल्याण महाल आहे, चौकाच्या मधोमध निमुळता होत गेलेला मजल्यांवर मजल्यांचा मनोरा आणि भोवती ओवऱ्या, शिवाय धान्याची कोठारं, व्यायामशाळा, हत्तींचा तलाव, पलीकडे वेंकटरमण मंदिर, सादतुल्ला खानाची मशीद. चालायला जवळजवळ सपाट. गुडघेवाल्या माणसाला तीन-चार तास सहज जातात, सावलीही आहे. घरात कुणी म्हातारं असेल तर त्यांना "तुम्हाला जमणार नाही" म्हणून घरी ठेवून जाऊ नका.

राजगिरीची चढण सुरुवातीला झाडीतून जाते, तेवढं बरं वाटतं. माकडं मात्र भरपूर आणि निर्ढावलेली, हातात पिशवी दिसली की आलीच, त्यामुळे खाणं सॅकच्या आत आणि सॅक पाठीवर. पाणी माणशी दोन लिटर नेलंच पाहिजे, वर काहीही मिळत नाही. मधे कमलकण्णी अम्मनचं देऊळ लागतं. त्यानंतर झाडी संपते आणि उघड्या दगडावरून पायऱ्या सुरू होतात. मी दर वळणावर बसत होते, भाचा केव्हाच पुढे. पण माथ्याच्या जरा अलीकडे जे आहे त्यासाठी सगळी चढण वसूल. डोंगराचा शेंडा एका खोल भेगेनं बाकीच्या डोंगरापासून तुटलेला आहे आणि त्या भेगेवर पूल. पूर्वी हा पूल काढून घेतला की वरच्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती, मूठभर माणसं तेवढी दारात उभी केली की झालं. १६९० मध्ये औरंगजेबाचा सरदार झुल्फिकार खान येऊन खाली बसला आणि किल्ला पडला १६९८ साली, हे वाचताना खरं वाटत नाही, त्या पुलावर उभं राहिलं की वाटतं. आठ वर्षं सलग घट्ट वेढा असा नव्हताच म्हणा, संताजी-धनाजींनी मोगलांनाच उलटं कोंडलं होतं, आणि वेढ्यातल्या छावणीत औरंगजेबाचा मुलगा कामबक्ष याला बापाच्याच सरदारांनी कैद केलं होतं. भाच्याला हा भाग जाम आवडला.

आणि हा किल्ला राजाराम महाराजांना असा आयता का मिळाला, तर १६७७ साली दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी तो घेतला आणि तटबंदी नव्यानं मजबूत करून ठेवली होती. त्यानंतर बारा वर्षांनी स्वराज्याची गादीच इथे हलवावी लागली. सभासदाची बखर याच जिंजीत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. आम्ही गेलो तेव्हा फलकांवर यातलं फारसं काही नव्हतं. त्यामुळे घरून वाचून जा, नाहीतर नुसते दगड बघून याल.

तिथल्या लोकांशी बोलल्यावर वेगळंच कळलं. आमचा रिक्षावाला मोडकं इंग्रजी आणि हातवारे यावर सांगत होता, त्याच्या लेखी हा किल्ला देसिंगू राजाचा. देसिंगू म्हणजे तेजसिंग, बुंदेला राजपूत, जिंजी मोगलांकडे गेल्यावर ती ज्या स्वरूपसिंगाकडे आली त्याचा मुलगा, अर्काटच्या नवाबाशी, म्हणजे त्या मशिदीवाल्या सादतुल्ला खानाशीच, लढताना १७१४ मध्ये विशीतच मारला गेला. त्याच्यावर तमिळमध्ये पोवाड्यांसारखी गाणी आहेत, त्याचा घोडा, त्याचा जिवलग मित्र महाबत खान, सगळं. आधी बाबांचं तोंड जरा उतरलं, इतक्या लांब येऊन राजाराम महाराजांचं नाव कुणी घेईना. मग तेच त्या रिक्षावाल्याला मोबाईलवर भाषांतर करून करून राजाराम महाराजांची गोष्ट सांगत बसले, त्यानं मीटरबिटर विसरून ऐकली.

दुसऱ्या सकाळी कृष्णगिरी. आदल्या दिवशीचं तिकीट तिथे चालेल का हे गेटवरच विचारून घ्या, त्याच दिवशी दोन्ही केलं तर प्रश्न येत नाही, पण उन्हात दोन्ही एका दिवशी करू नका असंच मी म्हणेन. बाबा हट्टानं अर्ध्यापर्यंत आले. वर कोठारं, देवळं आणि एक घुमटाचा सुंदर दरबार आहे, आणि समोर अख्खा राजगिरी दिसतो, कालची वाट बोटानं दाखवता येते.

आसपासचं बघायला मात्र एक दिवसासाठी गाडी ठरवली, बसनं ते होत नाही. जिंजीच्या जवळच तिरुनाथर कुंड्रू नावाची टेकडी आहे, तिथे एका मोठ्या धोंड्यावर चोवीस तीर्थंकर कोरलेत, आणि चंद्रनंदी नावाच्या आचार्यांनी सत्तावन्न दिवस उपवास करून देह ठेवला असं सांगणारा अतिशय जुना शिलालेख. सिंगवरमला डोंगरात कोरलेला निजलेला रंगनाथ. आणि विळुप्पुरमच्या रस्त्याला मंडगपट्टू, मला सगळ्यात आवडलं ते हे. छोटीशी लेणी, पल्लव राजा महेंद्रवर्म्याची, सातव्या शतकातली, आणि त्यानं लेखात लिहून ठेवलंय की वीट, लाकूड, धातू आणि चुना न वापरता हे देऊळ केलं. बाबा म्हणाले, "म्हणजे ठेकेदाराला खायला काही ठेवलंच नाही." ड्रायव्हर आम्ही का हसतोय ते बघत राहिला.

तिथून तीच गाडी पुढे पुद्दुचेरीला. समुद्रावर गांधीजींचा पुतळा आहे ना, त्याच्या भोवतीचे कोरीव दगडी खांब जिंजीहून फ्रेंचांनी आणलेले, असं सांगतात. बाबांनी ते एकेक करून आठही तपासले. परतीच्या चालुक्यचा वार आणि वेळ आधी बघून ठेवा, आणि पुद्दुचेरीत एक मुक्काम धराच. विळुप्पुरमवरून तंजावरला ट्रेन आहे, ते जोडायचं बाबांच्या फार मनात होतं, पण नवऱ्याची रजा संपली होती आणि भाच्याच्या आईचे फोन सुरू झाले होते.