क्योटो स्टेशन: फलाट ३० ते फलाट १४

ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून हारुका एक्सप्रेस सव्वा तासाच्या आसपास क्योटोला आणते आणि उतरवते फलाट ३० वर. आकडा ऐकून छाती दडपायला नको. इथे फलाट ० आहे, १ नाही, मग २ ते १०, शिंकान्सेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, ११ ते १४ आणि तिथून एकदम उडी ३० वर. ० आणि २ यांच्यामधल्या १ नंबरच्या रुळाला फलाटच नाही. मालगाड्या तिथून न थांबता निघून जातात. ० आणि ३० हे एकाच ओळीत लागून आहेत, दोन्हींची मिळून लांबी ५५८ मीटर. त्यामुळे हारुकातून उतरलात की जिना शोधू नका. गाडी ज्या दिशेने आली त्याच दिशेने सरळ चालत राहा, मध्य गेट एकही पायरी न चढता येतं. जाताना हेच उलट: मध्य गेटातून आत शिरून उजवीकडे वळायचं. चाल मोठी आहे, सामानासकट दहा मिनिटं हाताशी ठेवा. शहराच्या पश्चिमेच्या आराशियामाला जाणारी सागानो लाइनही याच टोकाला, ३१ ते ३४ वर.

क्योटोत लोक चुकतात ते फलाटात कमी आणि बाजूत जास्त. रूळ पूर्व-पश्चिम गेलेत, स्टेशन त्यांच्या दोन्ही बाजूंना. उत्तरेला कारासुमा बाजू: शहर बसचा तळ, भुयारी मेट्रो, समोर १३१ मीटरचा क्योटो टॉवर. दक्षिणेला हाचिजो बाजू: शिंकान्सेन, दुसऱ्या मजल्यावर किंतेत्सु ही खासगी रेल्वे. हॉटेल बुक करतानाच ते कोणत्या बाजूला आहे ते बघा. तिकीट न काढता एका बाजूहून दुसरीकडे जायचं असेल तर दुसऱ्या मजल्यावरची उत्तर-दक्षिण वाट वापरायची. पश्चिम गेट याच वाटेवर आहे. तळमजल्यावरून पलीकडे जायला बघाल तर मध्ये तिकीट गेट आडवं येतं.

स्टेशन सुरू झालं १८७७ मध्ये, ओसाकाहून रूळ आले तेव्हा. दुसरी इमारत १९१४ ची, लाकडी, युरोपी थाटाची. ती १९५० मध्ये जळाली. तिसरी साधी काँक्रीटची, १९५२ ची. आजची चौथी १९९७ ची, आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून निवडलेली, वास्तुकार हिरोशी हारा. ६० मीटर उंच आणि ४७० मीटर लांब काचपोलादाचा हा डोंगर जुन्या राजधानीच्या दारात नको म्हणून शहरात मोठा वाद झाला. वाद निरर्थक नव्हता, बाहेरून इमारत खरोखरच भिंतीसारखी अंगावर येते. आत मात्र गोष्ट वेगळी. मध्य गेटाच्या बाहेर उभं राहून वर बघा: दोन बाजूंना मजले दरीच्या उतारासारखे चढत गेलेत, पूर्वेला हॉटेल, पश्चिमेला डिपार्टमेंट स्टोअर, वर पोलादी जाळीतलं काचेचं छत. पश्चिमेचा महाजिना चौथ्या मजल्यावरच्या मुरोमाची चौकातून सुरू होतो, पायऱ्या १७१. गुडघे दुखत असतील तर शेजारचे सरकते जिने थेट गच्चीपर्यंत नेतात. या पूर्व-पश्चिम बाजू जोडणारा छताखालचा पूल जमिनीपासून ४५ मीटरवर आहे आणि फुकट आहे. स्टेशन समजून घ्यायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

दहाव्या मजल्यावर रामेनची, म्हणजे रश्शातल्या नूडल्सची, गल्ली आहे. शाकाहारी माणसाने तिथे भाज्यांचा फोटो बघून मागवू नये, रस्सा बहुतेक डुकराच्या, कोंबडीच्या नाहीतर माशाच्या अर्काचा असतो. इनारी सुशीत भाताभोवती असतं ते तळलेलं टोफूसुद्धा सहसा माशाच्या अर्कात शिजवलेलं असतं.

फुशिमी इनारी देवळाच्या तांबड्या कमानींसाठी नारा लाइन, फलाट ८ ते १०. इथे हमखास फसगत होते: मियाकोजी रॅपिड ही जलद गाडी इनारीला थांबत नाही. लोकलच पकडा, क्योटोनंतर दुसऱ्याच क्रमांकाचं स्टेशन आहे. रुळांचा हा तुकडा मुळात जुन्या तोकाइदो मार्गाचा, म्हणजे टोकियोकडे जाणाऱ्या मुख्य मार्गाचा. १९२१ मध्ये मुख्य मार्ग दुसरीकडून नेला आणि हा नारा लाइनला मिळाला. इनारी स्टेशनात कंदील ठेवायची विटांची जुनी खोली अजून उभी आहे, उतरलात की बघून घ्या. हरणांच्या बागेसाठी नाराला जायचं असेल तर मात्र किंतेत्सु बरी, तिचं नारा स्टेशन बागेच्या बरंच जवळ आहे.

ओसाकाला जायला शिंकान्सेनचे पैसे घालवू नका. नेहमीच्या मार्गावरची शिनकाइसोकु ही जलद गाडी जादा आकार न घेता अर्ध्या तासात थेट ओसाका स्टेशनात सोडते. शिंकान्सेन शिन-ओसाकापर्यंतच जाते, तिथून पुन्हा गाडी बदलावी लागते.

शहर बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, पैसे उतरताना पुढच्या दाराशी. निव्वळ बससाठीचा, दिवसभराचा जुना पास बंद झालाय. मेट्रो आणि बस असा एकत्र पास मिळतो, आणि गर्दीच्या दिवसांत मेट्रोने शक्य तितकं जवळ जाऊन मग बस धरलेली सोयीची.

टोकियोसाठी शिंकान्सेनचे फलाट ११ आणि १२, हिरोशिमा-हाकाताकडे १३ आणि १४. मूळ भाड्याचं आणि एक्सप्रेसचं अशी दोन वेगळी तिकिटं हातात असतील तर दोन्ही एकावर एक ठेवून गेटात एकदम सरकवायची. एकच टाकलं की फाटक मिटतं आणि मागे रांग लागते. पलीकडे आलेली तिकिटं न विसरता उचला, उतरताना लागतात. पर्यटकांच्या रेल पासवर नोझोमी या सर्वात जलद शिंकान्सेनमध्ये बसायचं असेल तर वेगळा जादा आकार आहे, तिच्याहून थोडी हळू हिकारी पासात बसते आणि फार तर अर्धा तास जास्त घेते.

बॅग घरीच मोजा, चाकं आणि मूठ धरून. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर डब्याच्या शेवटच्या रांगेतली, मागे सामानाला जागा असलेली सीट आधी आरक्षित करावी लागते. त्याला वेगळे पैसे नाहीत, न करता चढलात तर १००० येन. २५० च्या वरची बॅग नेताच येत नाही. फुजी बघायचा असेल तर ई नंबरची खिडकी मागा. नोझोमीने क्योटो सोडल्यावर साधारण दीड तासाने तो डावीकडे येतो, ढग नसतील तर.