जुना तांदूळ, आपला कुकर आणि सुशीचा भात

२०२५च्या मे महिन्यात जपानी सुपरमार्केटांत ५ किलो तांदळाचा सरासरी भाव ४,२०० येनच्या वर गेला. वर्षभरात जवळजवळ दुप्पट. मग सरकारने राखीव साठ्यातला तांदूळ बाहेर काढला आणि महिनाअखेरीस तो २,००० येनच्या आसपास दुकानांत आला. लोकांनी त्यासाठी रांगा लावल्या. हा तांदूळ २०२२ आणि २०२१ सालच्या पिकाचा होता. जपानीत 'को' म्हणजे जुना आणि 'माइ' म्हणजे तांदूळ. आदल्या वर्षीचा तो कोमाइ, त्याच्या आधीचा कोकोमाइ आणि त्याच्याही आधीचा कोकोकोमाइ. टीव्हीवर चर्चा काय, तर हा खाण्यासारखा आहे का आणि याला वास येतो का.

मराठी माणसाला यात धक्का बसण्यासारखं बरंच आहे. आपल्याकडे दुकानदाराला आपण होऊन विचारतो, "जुना आहे ना?" नवा तांदूळ गिचका होतो, जुना मोकळा होतो आणि जास्त फुगतो, हे आपल्या घरोघरी ठाऊक असतं. मी राहतो त्या जपानमध्ये बरोबर उलटं. शरद ऋतूत पिशव्यांवर 'शिनमाइ', म्हणजे नवा तांदूळ, अशी लेबलं झळकतात. कापणीच्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या आत पिशवीबंद झालेल्या तांदळालाच ते लेबल लावता येतं, इतका नव्याचा मान. वाफाळता नुसता भात आणि सोबत आंबवलेली भाजी असं जेवण असेल, तर शिनमाइला तोड नाही, हे मान्य. पण सुशीच्या भातासाठी कौल आपल्या बाजूने लागतो. नव्या दाण्यात ओल जास्त असते, तो चिकट शिजतो, व्हिनेगर आत न मुरता वर पसरतं आणि भाताचा गोळा होतो. जुना दाणा कोरडा असतो, पाणीही पितो आणि व्हिनेगरही पितो. मुरलेले सुशीवाले नव्या-जुन्याचं मिश्रण करतात ते यासाठीच. कोशिहिकारी या जपानी वाणापेक्षा कमी चिकट असलेला सासानिशिकी हा वाण सुशीवाल्यांना आवडतो, त्याचंही कारण हेच.

म्हणून घरी सुशी करायची तर महागातला शिनमाइ घेऊ नका. साधा, वर्षभर जुना, आखूड दाण्याचा तांदूळ घ्या. आणि तो आपल्या कुकरमध्ये उत्तम होतो, हे इथे ठासून सांगायचं आहे. कारण "प्रेशर कुकर? सुशीच्या भाताला?" असा प्रश्न इथले जपानी शेजारीही विचारतात आणि पुण्यातले नातेवाईकही. जपानी स्वयंपाकघरात दाबाचं भांडं असतं, पण त्यात बहुधा हातसडीचा तांदूळ नाहीतर कडक मांस शिजतं. मात्र इथल्या दुकानांतले महागडे विजेचे राइस कुकर पाहिले, तर तेही दाबानेच भात करतात. त्यांच्यात दाब बाहेरच्या हवेच्या सव्वा ते दीडपट असतो, म्हणजे आत १०५ ते ११० अंश. आपल्या शिट्टीच्या कुकरमध्ये तो दुपटीच्या जवळ जातो आणि तापमान १२० अंशांच्या आसपास. तत्त्व एकच आहे. आपला कुकर फक्त जास्त जोरकस आहे, आणि तो जोर आवरायचा कसा, एवढंच शिकायचं.

सगळी मेख शिट्टीत आहे. आपण भात शिट्ट्यांवर मोजतो, दोन शिट्ट्या किंवा तीन शिट्ट्या. सुशीच्या भाताला एकही शिट्टी होऊ द्यायची नाही. शिट्टी वाजते तेव्हा आतला दाब एकदम खाली येतो. १२० अंशांवर दाबाने शांत राहिलेलं पाणी त्या क्षणी उसळतं, दाणे एकमेकांवर आपटतात, फुटतात, आणि त्यांच्यातली पिठी पाण्यात उतरून फेस होते. शिट्टीच्या तोंडाशी पांढरा चिकट ओघळ दिसतो तो हाच. वरणाबरोबर कालवायच्या भाताला त्याने काही बिघडत नाही, उलट मऊपणाच येतो. सुशीला मात्र दाणा अख्खा, बाहेरून चमकदार आणि आतून बोटचेपा लागतो. शिवाय प्रत्येक शिट्टीबरोबर वाफ, म्हणजे मोजून घातलेलं पाणी, बाहेर जातं. दर वेळी ते वेगळं जातं, म्हणून दर वेळी भात वेगळा होतो.

आता माप. जपानी माप 'गो' म्हणजे १८० मिली, त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ बसतो. दोन गो, म्हणजे ३०० ग्रॅम, ३ लिटरच्या कुकरला योग्य. पहिलं पाणी घालून दोनदा हात फिरवा आणि लगेच ओता, कारण कोरडा दाणा पहिलं पाणी झपाट्याने पितो आणि त्याबरोबर कोंड्याचा वासही. मग पाण्याशिवाय, बोटं वाकवून, हलक्या हाताने वीसेक वेळा घोळवा, पाणी घाला, ओता. असं तीनदा. धुवण अगदी नितळ होईपर्यंत धुवत बसू नका, किंचित गढूळ राहिलं तर चालतं. चोळलात तर दाणे तुटतात आणि तुटलेल्या दाण्याची पेज होते. पिशवीवर 'मुसेनमाइ' लिहिलं असेल, तर तो तांदूळ आधीच धुतलेला असतो, पुन्हा धुऊ नये.

भिजवणं टाळू नका. उन्हाळ्यात अर्धा तास, हिवाळ्यात तास. दाणा काचेसारखा दिसायचा थांबून दुधासारखा पांढरा झाला की भिजला. कुकरमध्ये तापमान इतकं वेगाने चढतं की न भिजलेल्या दाण्याचं बाहेरचं अंग शिजून बसतं आणि मध्ये कणी राहते. भिजवताना कोम्बू या वाळक्या समुद्रशेवाळाचा ५ सेंटिमीटरचा तुकडा पाण्यात टाका, पण झाकण लावण्याआधी काढा. दाबाखाली राहिला तर तो बुळबुळीत होतो आणि भाताला समुद्राचा वास लागतो. भिजलेला तांदूळ चाळणीत १० मिनिटं निथळू द्या, त्याहून जास्त नको. वरून सुकला की दाण्याला तडे जातात.

पाणी वाटीने न मोजता वजनाने मोजा. ३०० ग्रॅम कोरड्या तांदळाने भिजताना किती पाणी प्यायलं, हे दर वेळी बदलतं. म्हणून निथळलेला तांदूळ काट्यावर ठेवा आणि तांदूळ अधिक पाणी मिळून ६५० ग्रॅम भरेल इतकं भिजवणीचंच पाणी घाला. तांदूळ फार जुना असेल तर ६७०, शिनमाइच असेल तर ६३०. एरवी उघड्या पातेल्यात भाताला जास्त पाणी लागतं, पण कुकरमधून वाफ जवळजवळ जातच नाही. आणि नंतर व्हिनेगरची ओल येणार असते, तिची जागा आत्ताच राखायची.

कुकरमध्ये तांदूळ सपाट करा, झाकण आणि शिट्टी लावा, मध्यम आच ठेवा. चारेक मिनिटांत वाफेचा सूं सूं आवाज सुरू होतो आणि शिट्टीचं वजन किंचित थरथरतं. इथे कुकरपासून हलायचं नाही. थरथर दिसली की लगेच गॅस अगदी बारीक करा. तिथून ४ मिनिटं, जुन्या तांदळाला ५. मग बंद. शेगडी विजेच्या कॉइलची असेल तर कुकर उचलून बाजूला ठेवा, कारण कॉइल बराच वेळ तापलेली राहते. इंडक्शनवर हा प्रश्न नाही, पण तिथे साधा अॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, स्टीलच्या बुडाचा हवा.

बंद केल्यावर १० ते १२ मिनिटं कुकर आपोआप पडू द्या. नळाखाली धरणं म्हणजे दहा शिट्ट्या एकदम होऊ देण्यासारखं आहे. चुलीवरच्या भाताबद्दल जपानीत जुनं वचन आहे: सुरुवातीला मंद, मध्ये भडका, आणि तान्हं मूल रडलं तरी झाकण काढू नका. पण कुकर पडल्यावर रेंगाळूही नका. झाकणावरचं पाणी भातावर ठिबकतं आणि वरचा थर पाणचट होतो. उघडताना झाकण आपल्या विरुद्ध दिशेला तिरकं करून एका झटक्यात बाजूला घ्या.

भात एकाच गोचा असेल तर आपल्या वरण-भातासारखा डब्यात लावा. कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी, डब्यावर घट्ट ताटली, आणि बारीक गॅसवर ८ मिनिटं. हा भात थोडा मऊ होतो, पण करपण्याची भीती नाही.

कुकरमध्ये भात शिजतो तेवढ्यात व्हिनेगर तयार ठेवा. ३०० ग्रॅम तांदळाला तांदळाचं व्हिनेगर ४५ मिली, साखर २० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम. साखर-मीठ विरघळेल इतपतच कोमट करा. उकळलं तर आंबटपणा उडून जातो. ओसाकाकडे साखर जास्त घालतात, तोक्योकडे कमी. साखरेचं काम फक्त गोडीचं नाही. ती पाणी धरून ठेवते, म्हणून भात थंड झाल्यावर लवकर कडक होत नाही. शाकाहारी असाल तर दुकानातल्या तयार 'सुशी-झू'च्या, म्हणजे सुशीच्या व्हिनेगरच्या, बाटलीवरची घटकांची यादी नीट वाचा. काहींमध्ये कात्सुओ माशाचा अर्क असतो, आणि समोरच्या चित्रावरून ते कळत नाही.

कालवायला जपानी लोक हांगिरी वापरतात, सावारा या सूचिपर्णी लाकडाचं पसरट, उथळ भांडं. ते पाहून भाकरीचं पीठ मळायची आपली काथवट आठवते, आणि साम्य दिसण्यापुरतं नाही. लाकूड जादा ओल शोषून घेतं आणि भात एकदम गार पडू देत नाही. वापरण्याआधी ते ओलं करून पुसून घ्यायचं. काथवट नसेल तर स्टीलची परात चालते, फक्त स्टील ओल शोषत नाही, म्हणून व्हिनेगर ४० मिलीच घ्या. कुकरमध्येच व्हिनेगर ओतायचा मोह आवरा. अॅल्युमिनियमला आम्ल लागतं, भांडंही खराब होतं आणि चवही. तळाला लागलेली खरवड खरवडू नका, ती वेगळी खायला छान लागते.

भात परातीत काढल्याबरोबर, वाफ निघत असतानाच, व्हिनेगर भातवाढीवरून सगळीकडे फिरवत ओता. मग भातवाढी उभी धरून कापल्यासारखी चालवा आणि खालचा भात वर आणा. दाबायचं नाही, घोटायचं नाही. एखादं मिनिट गेल्यावरच विंझणा घ्या. आधीच वारा घातला तर दाणा गार होतो, व्हिनेगर आत जात नाही आणि तळाशी साचतं. वेळेवर घातला तर वरची ओल उडते आणि दाण्यावर चकाकी येते. ती चढताना डोळ्यांना दिसते: मळकट पांढरा भात चार-पाच मिनिटांत मोत्यासारखा होतो. भात अंगाइतका कोमट झाला की ओलं, घट्ट पिळलेलं फडकं झाका.

फ्रिजमध्ये ठेवू नका. शिजलेल्या भातातली पिठी शून्याच्या थोड्या वरच्या तापमानातच सर्वांत वेगाने कडक होते, म्हणजे नेमकी फ्रिजच्या. त्याच दिवशी, चार-पाच तासांत संपवा. ३०० ग्रॅमचा साधारण सातशे ग्रॅम भात होतो. नोरी म्हणजे समुद्रशेवाळाचा कागदासारखा पापुद्रा; अर्ध्या नोरीच्या काकडीच्या रोलला ८० ग्रॅम भात धरला, तर आठ रोल. नोरीची खडबडीत बाजू आत, वरच्या कडेला १ सेंटिमीटर मोकळं, आणि हात व्हिनेगर घातलेल्या पाण्याने ओले.

महाराष्ट्रात असाल तर इंद्रायणी घ्या, आणि तोही जुना. आंबेमोहोर आणि आयआर-८ या वाणांच्या संकरातून आलेला हा तांदूळ चिकटपणात कामाला येतो. पाणी दीडपट घालून सुरुवात करा, बाकी कुकरची रीत हीच. त्याचा सुवास नोरीच्या वासाशी भांडतो, म्हणून कच्च्या माशापेक्षा काकडी, गाजर, तीळ यांच्याबरोबर तो जास्त शोभतो. पांढरं सिंथेटिक व्हिनेगर मात्र नको, ते नुसतंच झोंबतं. गोव्यातलं माडाचं व्हिनेगर मिळालं तर ३० मिलीपासून सुरू करा, त्याची चव ठसठशीत असते.

राखीव साठ्यातला तो कोकोकोमाइ कुठे दिसला तर सोडू नका. तास-दीड तास भिजवा, ६७० ग्रॅमवर पाणी ठेवा, बारीक गॅसवर ५ मिनिटं. त्याला वास येतो म्हणतात, तो व्हिनेगर आणि कोम्बूमध्ये राहत नाही.